बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

आमच्या क्वार्टरच्या रांगेत सकाळी पावणेसातच्या सुमारास एक आवाज हमखास ऐकू येतो. कट, कट, कट, आणि मग शांतता. कुणाची तरी गाडी सेल्फ घेत नाही. पोरं गणवेशात दप्तरं घेऊन उभी असतात. शेजारचे दोघं-तिघं तोंडातला ब्रश तसाच धरून धक्का मारायला बाहेर येतात. गाडी सुरू होवो न होवो, एक जण ठरलेलं वाक्य बोलतोच, "बॅटरी गई साब, नई डलवा लो."

हे वाक्य मीही आयुष्यात बऱ्याच वेळा बोललो आहे. आज त्याच्याविरुद्ध लिहितोय, कारण त्याची किंमत माझ्या घरानं मोजली. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या गाडीची बॅटरी रात्रीत उतरते, तिच्यात मीटर लावून बघितल्याशिवाय नवी बॅटरी घालू नये. आणि फील्डला निघणारा जवान बायकोला जसा एटीएमचा पिन सांगून जातो, तसं हे मीटर कसं लावायचं तेही दाखवून जावं.

पहिल्यापासून सांगतो.

मी फील्डला होतो तेव्हा कुटुंब जबलपुरातच एसएफ क्वार्टरमध्ये होतं. एसएफ म्हणजे सेपरेटेड फॅमिली, नवरा वर डोंगरात आणि बायकापोरं खाली छावणीत. दिवाळीला महिनाभर सुट्टी मिळाली. आमची गाडी लहान, पेट्रोलवरची, पाच वर्षं जुनी. सुट्टीत हौस म्हणून मी तिच्यात नवा म्युझिक सिस्टीम बसवला, सोबत एक अ‍ॅम्प्लिफायर, पुढच्या सीटखाली. बसवणाऱ्या पोराला मी स्वतः सांगितलं, "किल्ली काढल्यावरही गाणी वाजली पाहिजेत बरं का." भेडाघाटला डबा घेऊन जायचं, गाडी सावलीत लावायची आणि दारं उघडी टाकून गाणी ऐकायची, असं डोक्यात होतं. पोरानं तसं करून दिलं. दोनदा भेडाघाट झालं, एकदा ग्वारीघाट झाला, आणि नोव्हेंबरच्या मध्याला मी परत वर गेलो.

दहा-बारा दिवसांनी हिचा फोन आला. "अहो, गाडी सुरूच होत नाहीये."

मी म्हटलं, "तू लाईट चालू ठेवली असशील."

नाही म्हणाली. मी म्हटलं, मग दार नीट लागलं नसेल, आतला दिवा रात्रभर जळला असेल. धक्का मारून गाडी सुरू झाली. चार-पाच दिवसांनी परत तेच. फौजी नवरा फोनवरून जे सल्ले देतो ते सगळे मी दिले. रोज संध्याकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेव. रेडिओ लावू नकोस. शेवटी, जा आणि बॅटरीच बदलून टाक. ती गेली, साडेचार हजार देऊन नवी बॅटरी घालून आली. आठवडाभर सगळं ठीक, आणि मग परत कट, कट, कट. दुकानदारानं बॅटरी ठेवून घेतली, चार्ज केली आणि "बॅटरी ओके है मॅडम, गाडी कम चलाते होंगे" म्हणून परत दिली. दुकानदार खोटं बोलत नव्हता. बॅटरी खरोखरच ओके होती.

जानेवारीत एका रात्री दोनच्या सुमारास मुलीला दम्याचा झटका आला. ती आठ वर्षांची. पंप देऊनही आवाज कमी होईना. हिनं तिला शालीत गुंडाळून गाडीत बसवलं आणि किल्ली फिरवली. कट, कट. तेवढ्या रात्री शेजारच्या हवालदारांच्या मिसेसना उठवलं. त्यांची स्कूटी होती. दोघींनी मधे मुलीला धरून जबलपूरच्या जानेवारीच्या थंडीत मिलिटरी हॉस्पिटल गाठलं. मुलगी बरी झाली. पण मला ही गोष्ट दोन दिवसांनी कळली, कारण वर नेटवर्क नव्हतं. आणि कळल्यावर माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघाला? "लाईट बंद केली होतीस ना?"

ती फोनवर गप्प बसली. फोन तिनं ठेवला नाही, नुसती गप्प बसली.

नशिबानं पुढची पोस्टिंग जबलपूरलाच आली, सिग्नल ट्रेनिंग सेंटरला. म्हणजे बघा, मी रंगरुटांना फॉल्ट फाइंडिंग शिकवायला आलो होतो. लाइन तुटली तर आधी अंदाज लढवायचा नाही, आधी टेस्ट करायची. लांब लाइन असेल तर मधोमध जाऊन दोन्हीकडे टेस्ट घ्यायची, फॉल्ट कुठल्या अर्ध्यात आहे ते बघायचं, मग त्या अर्ध्याचा अर्धा. टेलिफोन बदलून बघ, केबल बदलून बघ असं करणाऱ्या पोराला मी मैदानाचा चक्कर मारायला लावतो. आणि घरच्या गाडीच्या बाबतीत मी तीन महिने नेमकं तेच केलं होतं. चक्कर मात्र बायकोला मारायला लावले.

आल्याच्या पहिल्या रविवारी मीटर घेऊन बसलो.

आधी व्होल्टेज. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि काही तास निवांत असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली. १२.० ला आली की चतुर्थांशच उरली समजायची. आकड्यांतला फरक दिसायला किरकोळ वाटतो, म्हणून लोक "बारा आहे ना, मग ठीक आहे" म्हणतात आणि फसतात. माझ्या गाडीत सकाळी ११.९ होतं. चार्जर लावून, गाडी सुरू करून परत बघितलं तर १४.१. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करत होता. इथे १३.५ च्या खालीच राहिलं असतं तर बॅटरीकडे बोट दाखवायच्या आधी अल्टरनेटर, त्याचा पट्टा आणि अर्थची वायर बघायची असती.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं. मग राहिली गळती. पाण्याच्या टाकीचा नळ बंद असूनही टाकी रिकामी होत असेल तर आपण नवी टाकी आणत नाही, कुठे ओल दिसते ते शोधतो. गाडीत ती ओल अँपिअरमध्ये दिसते. त्यासाठी मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायची, १० नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची (आधी निगेटिव्हच, नाहीतर पाना बॉडीला टेकला की ठिणगी) आणि सुटलेली वायर व बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यामध्ये मीटर जोडायचा. आता गाडी जे काही पिते ते सगळं मीटरमधून जातं. अशा वेळी कुणी उत्साहानं किल्ली फिरवली तर मीटरचा फ्यूज गेलाच. सेल्फला क्षणभर शे-दीडशे अँपिअर लागतात.

माझ्या मीटरवर ३.२ आलं. मी खूश! चोर सापडला. फ्यूज काढायला सुरुवात केली, तर आकडा कधी एक, कधी तीन, नुसता नाचायला लागला. तासभर गेला आणि हाती काही लागलं नाही.

शेवटी रांझीतल्या एका काकांना बोलावलं. जबलपूर हे गाड्यांचं गाव आहे. इथली गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची, व्हेईकल फॅक्टरी १९६९ ची. शक्तिमान ट्रक ज्यांनी चालवला ते जुने लोक अजून त्याचं नाव काढलं की हळवे होतात, आणि जोंगा या नावात तर या गावाचाच ज आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. हे काका व्हेईकल फॅक्टरीतून निवृत्त झालेले, इलेक्ट्रिशियन. रांझी-खमरियाच्या भागात असे हात अजून खूप आहेत आणि आम्ही छावणीवाले त्यांच्याकडे न जाता चकचकीत दुकानात जातो, ही माझी आणखी एक तक्रार. ती परत कधीतरी.

काकांनी मीटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "साब, पहले गाडी को सोने तो दो."

आजकालच्या गाडीत लहानमोठे कॉम्प्युटर असतात. दार उघडलं, किल्ली जवळ आली, बॉनेट उघडलं की ते जागे होतात आणि सगळं बंद केल्यावरही लगेच झोपत नाहीत. काही गाड्या पाच मिनिटांत झोपतात, काही अर्धा तास घेतात. मी दर फ्यूजला दार उघडत होतो, म्हणजे दर वेळी तिला उठवत होतो. काकांनी काच खाली करून ठेवली, दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं दाबून गाडीला दार बंद असल्याचं भासवलं, बॉनेटच्या खटक्यालाही तसंच केलं, किल्ली घरात लांब ठेवायला लावली. आणि चहा मागितला.

चहा होईपर्यंत अर्धा तास गेला. मीटरवर ०.४२ अँपिअर. निरोगी गाडी झोपेत ०.०२ ते ०.०५ घेते, घड्याळ आणि अलार्मपुरतं. आमची त्याच्या दहापट घेत होती.

आता हा हिशेब वाचाच, कारण सगळा घोळ इथे आहे. ०.४२ अँपिअर म्हणजे २४ तासांत १० अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ ची. शाळा अडीच किलोमीटरवर. जाऊन-येऊन दिवसाला वीस मिनिटं गाडी चालते, त्यात चार्जिंग मिळून तीन, फार तर चार अँपिअर-तास परत येत असतील. म्हणजे रोज सहाची तूट. तीन-चार दिवसांत बॅटरी निम्म्याहून खाली, आणि पाचव्या दिवशीच्या थंड सकाळी ती सेल्फ फिरवू शकत नाही. आपण म्हणतो रात्रीत उतरली. रात्रीत उतरलेली नसते. ती दिवसाढवळ्या, शाळेच्या पार्किंगमध्ये, बाजारात, चार दिवस उतरत असते. आपल्याला ते सकाळी कळतं एवढंच. त्यातून लेड-अ‍ॅसिड बॅटरी अशी वारंवार खाली जाऊन पडून राहिली की तिच्या प्लेटवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. म्हणून नंतर नंतर खरोखरच एका रात्रीत दम तोडते. नवी बॅटरीही काही महिन्यांत जुनी होते, आणि मग दुकानदार म्हणतो तेही खरं ठरतं, बॅटरी गेली.

आणि माझा तो "रोज दहा मिनिटं चालू ठेव" सल्ला! जागेवर दहा मिनिटांत येऊन येऊन किती येणार, दीड-दोन अँपिअर-तास? दहाच्या गळतीपुढे ते काय. बिचारी रोज संध्याकाळी पेट्रोल जाळत बसत होती, माझ्या शब्दाखातर.

मग फ्यूज. काकांनी मला फ्यूज उपटू दिले नाहीत, कारण उपटून परत घातल्यानंही कॉम्प्युटर जागे होतात. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, त्यावर मीटरची टोकं टेकवून मिलिव्होल्ट बघायचे. ज्या फ्यूजमधून करंट वाहत नाही तिथे शून्य, वाहत असेल तिथे थोडंसं काहीतरी. एकेक करून दोन्ही फ्यूज बॉक्स झाले. सगळीकडे शून्य किंवा नगण्य. पण गळती ०.४२ तशीच.

मी सिग्नलवाला, मी हरलो. मला वाटलं अल्टरनेटरचा डायोड गेला असणार, तोही असा चोरून करंट पितो.

काका म्हणाले, "पॉझिटिव पे कितने तार हैं, गिनो."

मोजल्या. कंपनीच्या दोन जाड वायरी आणि एक तिसरी, लाल, बाहेरून आणलेली. तिच्यावर हातभर अंतरावर तिचा स्वतःचा फ्यूज होता, टेपमध्ये गुंडाळलेला. ती फ्यूज बॉक्समध्ये जातच नव्हती. काकांनी तो फ्यूज ओढला. मीटर ०.०३.

वायर कुठे जाते हे बघायची गरजच नव्हती, तरी गेलो. पुढच्या सीटखालचा माझा अ‍ॅम्प्लिफायर. गाडी रात्रभर बंद, बाहेर थंडी, आणि तो हाताला कोमट लागला. म्युझिक सिस्टीममागे पिवळी वायर कायम चालू असते, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवायला. लाल वायर किल्लीबरोबर चालू-बंद व्हायची असते. निळी वायर अ‍ॅम्प्लिफायरला उठवते आणि झोपवते. पोरानं तिन्ही एकत्र पिळून टेप लावली होती. त्याचंही काय चुकलं? किल्ली काढल्यावरही गाणी हवीत, हे साबनंच सांगितलं होतं.

सगळ्यात लागलं ते पुढचं. मुलगी मागून बघत होती. ती सहज म्हणाली, "तिथे माझे पाय गरम होतात, मी आईला सांगितलं होतं." तिनं आईला सांगितलं होतं, आईनं मला फोनवर सांगितलंही होतं, आणि मी म्हटलं होतं, हीटरची हवा येत असेल.

आता थोडं मत. ते फक्त माझ्या गाडीचं नाही.

पहिलं म्हणजे आपण नेहमी शेवटी कोसळणाऱ्याला दोष देतो. बॅटरी कोसळली म्हणून बॅटरी वाईट. गाडी जिच्या हातात होती तिनं लाईट चालू ठेवली. चारशे मिलिअँपिअर कुणाला दिसत नाहीत, आवाज करत नाहीत, म्हणून त्यांच्यावर संशय येत नाही. बदलून टाकणं सोपं वाटतं, पावती मिळते, वॉरंटी मिळते, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. शोधायला अर्धा तास गप्प बसावं लागतं. माझ्या मते ते अर्धा तास गप्प बसणंच आपल्याला जमत नाही.

दुसरं, बरेच जण सांगतात की बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा, झंझट मिटली. फौजेच्या मोठ्या गाड्यांत तसा स्विच असतोच, आणि फील्डला जाताना महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर निगेटिव्ह सोडून ठेवणं हे शहाणपणाचंच आहे. पण रोजच्या गाडीत गळती माहीत असताना वरून स्विच लावणं मला पटत नाही. गळती तिथेच राहते. आज ती कोमट अ‍ॅम्प्लिफायर आहे, उद्या सोललेली वायर असेल, आणि तेव्हा ती नुसती बॅटरी खाऊन थांबणार नाही.

तिसरं थोडं आपल्या लोकांसाठी. आपल्याकडे एमटीत गाडी बाहेर काढण्याआधी फर्स्ट परेड होते: पाणी, तेल, हवा, बॅटरी. खासगी गाडीची फर्स्ट परेड कुणी करत नाही, आणि एसएफ क्वार्टरमधली गाडी तर चालते कमी, उभी राहते जास्त. जबलपूरचा उन्हाळा बॅटरीला आतून झिजवतो, आणि ते उघडं पडतं थंडीत. आपल्या फॅमिली वेल्फेअरच्या कार्यक्रमांत पाककृती होतात, रांगोळी होते, चांगलं आहे. त्यात एक रविवार सकाळ एमटीच्या इलेक्ट्रिशियनला द्या. मीटर तीन-चारशे रुपयांत येतो. १० नंबरचा पाना कुठला, निगेटिव्ह कुठलं, १२.६ म्हणजे काय आणि १२.० म्हणजे काय, एवढं एका तासात होतं. रात्री दोन वाजता किल्ली फिरवून अंधारात बसण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी मीटरवर आकडा बघून शेजारणीला सांगून ठेवता येतं.

कुणी म्हणेल, नव्या गाड्यांत हात घालू नये, सर्व्हिस सेंटरला न्यावी. वायरी कापू नका, एअरबॅगच्या जवळ जाऊ नका, हे मीही म्हणतो. पण मोजायला काय हरकत आहे? मोजून गेलात तर तिथेही तुमच्याशी वेगळं बोलतात. "बॅटरी उतरते" म्हणून गेलेल्याला बॅटरी विकली जाते. "झोपेत ०.४२ घेते" म्हणून गेलेल्याला खुर्ची देतात.

काकांनी पैसे घेतले नाहीत, दुसरा चहा घेतला. लाल वायर किल्लीवरच्या लाइनला आणि निळी सिस्टीमच्या स्वतःच्या निळ्या टोकाला जोडून गेले. त्या संध्याकाळी मी हिला मीटर दाखवायला बसलो. तिनं शांतपणे निगेटिव्ह सोडली, मीटर जोडला, घड्याळ लावलं, आणि अर्धा तास आम्ही दोघं क्वार्टरच्या पायरीवर बसलो. मला जे बोलायचं होतं ते मी तिथे बोललो. ती म्हणाली, "बरं." मग उठून मीटर बघून आली. "शून्य पॉइंट शून्य तीन."

आता किल्ली काढली की गाणं मधेच तुटतं. मुलगी दर वेळी कुरकुरते.